बारावं प्रकरण कुणी लिहायचं

गंगाखेड, सोमवार

…तेव्हा माझी तिसरी भाकरी तव्यावर होती. अंगण झाडून, सडा टाकून, पिण्याचं पाणी भरून झालं होतं. ह्यांची लिंगपूजा आटोपली होती, कपाळावरची विभूती अजून ओली होती, आणि हे स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून, वही मांडीवर घेऊन मला विचारत होते, "बाई हिरीत पडली का कुणी ढकलली, हे कसं कळंल?" मी भाकरी उलथली आणि म्हटलं, "भरलेली घागर काठावर नीट ठेवलेली असंल तर ढकलली. घागर भरल्यावर बाईला परत हिरीत वाकायचं काय काम?" ह्यांनी पेन्सिल कानावरून काढली, लिहून घेतलं आणि आमटीत मीठ कमी आहे असं सांगून निघून गेले.

ताई, पत्राची ही रीत नव्हे, हे मला कळतं. आधी देवाचं नाव, मग मायना, मग खुशाली. पण ह्यांनी चाळीस वर्षं मला एकच ऐकवलं, की प्रेत पहिल्या पानावर पाहिजे, विचारपूस दुसऱ्या पानावर. तर आता दुसरं पान. श्री गुरुबसवलिंगाय नमः. आदरणीय धम्मशीलाताईंना उमादेवीचा जयभीम आणि आमच्याकडचा शरणार्थ. तुमचा गुडघा कसा आहे? मांडी घालायची नाही असं डॉक्टरांनी सांगितल्याचं कळलं. सांगतात ते ऐका. (तुमच्या तिसऱ्या कादंबरीत डॉक्टरच खुनी निघाला होता, म्हणून गोळ्या मात्र चष्मा लावून बघत जा.) तुमच्या चुडाव्याच्या स्टेशनावर फिरायला जायची इतक्यात घाई करू नका, गाड्या कुठं पळून जात नाहीत. मी बरी आहे. दोन भाकऱ्या थापते. चार थापायची हाताची सवय मोडायला वर्ष गेलं.

काल ह्यांना जाऊन वर्ष झालं. इथल्या वाचनालयानं सकाळी अकराला कार्यक्रम ठेवला होता. फलकावर लिहिलं होतं, 'रहस्यकथाकार वीरभद्र आप्पा : प्रभाव आणि स्नेह'. तुम्हाला येता आलं नाही म्हणून सगळं सविस्तर लिहिते. माणसं साठेक होती. त्यातली चाळीस ह्यांचे वाचक, दहा नातेवाईक आणि उरलेली पोहे आहेत हे कळल्यामुळं आलेली. (त्यांनीच सगळ्यात शांतपणे ऐकलं.) मला पहिल्या रांगेत बसवून, शाल पांघरवून, मांडीवर नारळ ठेवला. नारळ मांडीवर असला की माणसाला उठता येत नाही, हे आयोजकांना चांगलं ठाऊक असावं.

प्रभावावर बोलायला परभणीहून नागेश सर आले होते. कॉलेजात शिकवतात. तरुण आहेत, ह्यांची सव्वीसच्या सव्वीस पुस्तकं वाचून आले होते, म्हणून मी त्यांना काही बोलणार नाही. पण पन्नास मिनिटं त्यांनी साहेबांच्या देशातल्या लेखकांची नावं घेतली. ह्यांच्यावर याचा प्रभाव, त्याचा प्रभाव. आणि शेवटी म्हणाले, की काठावरच्या भरल्या घागरीचा जो अचूक पुरावा आहे, ती दृष्टी तर सरळसरळ इंग्रजी परंपरेतून आलेली आहे. टाळ्या पडल्या. मी नारळाकडं बघत बसले. इंग्रजी परंपरेला भाकरी थापता येते का, असं विचारायचं मनात आलं होतं, पण शाल अंगावर असताना तकरार करणं बरं दिसत नाही.

ताई, हे माणूस कुणाकुणापासून शिकलं ते मला विचारा. तहसीलच्या समोर लिंबाखाली ह्यांचं टेबल होतं. तीस वर्षं अर्जनवीस म्हणून लोकांचे अर्ज लिहिले. समोर बाकावर बसणारा प्रत्येक जण अर्धं खरं सांगायचा आणि उरलेलं अर्धं ह्यांनी ओळखायचं, हीच शाळा. आलेल्या माणसाला हे आधी पाणी द्यायचे. खोटं बोलायला आलेला पाणी घटाघटा पितो, असं त्यांचं म्हणणं. (मी पुढं चार महिने पाहुण्यांना पाणी देताना त्यांच्या गळ्याकडं बघत होते. त्यामुळं माझ्या माहेरचे नाराज झाले.)

दुसऱ्या शिकवणाऱ्या तुम्ही. आधी ह्यांच्या गोष्टीत मरणारा माणूस सराफ तरी असायचा नाही तर जमीनदार तरी. तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात आणि ताटावर बसल्या बसल्या विचारलंत, "आप्पा, तुमच्या गावात गरीब माणूस मरतच न्हाई का?" तुम्हाला ते आठवत असेल. सासूबाईंनी तुमच्यासाठी वाटी वेगळी काढली होती, तेही आठवत असेल. ह्यांनी ती वाटी उचलली, तिच्यात स्वतः आमटी घेतली आणि स्वतःची वाटी तुमच्यापुढं सरकवली. सासूबाई दोन दिवस रुसल्या आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "त्या मास्तरीणबाईच्या गोष्टीत पुढं काय झालं ते वाच की." त्यानंतरच्या पुस्तकात ऊसतोडीला गेलेली बाई मेली आणि ह्यांच्या डिटेक्टिव्हानं पहिल्यांदा फडात पाय ठेवला. मी ते पुस्तक सगळ्यात वर ठेवते.

तिसरे बन्सीधर भाऊजी. देवगाव फाट्यावर हॉटेल असल्यानं सगळ्या रस्त्यांच्या एसट्या त्यांच्या भट्टीसमोर उभ्या राहतात, म्हणून त्यांचे सगळे खून वेळापत्रकावर चालतात. त्यांच्या एका कादंबरीत एसटी अगदी वेळेवर आली म्हणून खुनी सापडला. वाचकांची पत्रं आली, की बाकी सगळं पटलं, एवढं एक पटत नाही. ते वाचून हे इतके हसले की उचकी लागली. पण पुढं आयुष्यभर कोणतीही गोष्ट लिहिताना भाऊजींना फोन करून विचारायचे, की अमुक गाडी बाजाराच्या दिवशी कुठून वळते.

आणि मी. मी चौथीपर्यंत शिकले. पुढचं वाचणं मला स्वयंपाकघरातल्या फळ्यांनी शिकवलं. ह्यांचे खाडाखोडीचे कागद मी डब्यांखाली अंथरायची आणि डबा उचलला की वाचायची. हळदीच्या डब्याखाली पान चौतीस, तर पस्तीस कुठं? सगळी फळी रिकामी केली तेव्हा ते चहापत्तीखाली निघालं. अशी मी पहिली कादंबरी उलटीसुलटी वाचली. खुनी आधी कळला, खून नंतर. तरी गोडी कमी झाली नाही, तेव्हाच मला वाटलं की आपला नवरा चांगला लिहितो.

तुम्हा तिघांचा नियम मात्र मला पहिल्यांदा खुळेपणा वाटायचा. ज्याची कादंबरी, त्यानं शेवटचं प्रकरण घरी ठेवायचं आणि बाकीचं दोघांना पाठवायचं. दोघांनी कार्डावर खुन्याचं नाव लिहून धाडायचं. एकाचंही बरोबर आलं तर लेखकानं खुनी बदलायचा आणि शेवट नव्यानं लिहायचा. सख्खे भाऊ एकमेकांचं इतकं ऐकत नाहीत. तुमच्या एका कार्डापायी ह्यांनी पंधरा दिवस दाढी केली नव्हती. शिव्या दिल्या, पण बदललं. आणि नवा शेवट जुन्यापेक्षा चांगला झाला की तुम्हाला स्वतःहून कळवायचे. ह्या माणसाचं मला हेच कौतुक वाटतं. हरायला त्याला कधी जड गेलं नाही.

आता शेवटच्या कादंबरीचं. हात थरथरायला लागल्यावर हे सांगायचे आणि मी लिहायची, हे तुम्हाला ठाऊक आहे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरच्या कारकुनाचा खून. अकरा प्रकरणं झाली. बाराव्याच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "कंपाउंडरच ना हो?" कारण ह्यांची एक खोड मला माहीत होती. ज्याला पुढं खुनी करायचा, त्याची ह्यांना आधीच दया यायची, म्हणून त्याच्या हातून दोन चांगली कामं करून ठेवायचे. कंपाउंडरनं तिसऱ्या प्रकरणात तोडणीवाल्यांच्या लेकराला फुकट औषध दिलं होतं आणि सातव्यात एका म्हातारीला दवाखान्यापर्यंत पाठीवर नेलं होतं. इतका चांगला माणूस ह्यांच्या पुस्तकात निर्दोष असूच शकत नाही. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, हसले आणि म्हणाले, "आता मी थकलो. सकाळी बसू." सकाळी ते उठले नाहीत. ओळखलं म्हणून हसले का चुकलं म्हणून हसले, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

अकरा प्रकरणांच्या झेरॉक्स मी तुम्हा दोघांना पाठवल्या, त्याला आता दोन महिने होतील. प्रकाशकांना पुस्तक उन्हाळ्याच्या आत पाहिजे. बारावं कुणी लिहायचं ते ठरत नव्हतं, आणि ते काल ठरलं. स्नेहावर बोलायला बन्सीधर भाऊजी उठले. पांढरा सदरा, हातात रुमाल. सुरुवात फार छान केली. म्हणाले, "प्रभाव बिभाव मला कळत न्हाई. वीरभद्र माझ्या हाटेलात बसला तर मी त्याचा चहा स्वतः करायचो, दुसऱ्याला हात लावू द्यायचो न्हाई." माणसं गलबलली. मीही डोळ्यांना पदर लावला. मग भाऊजी भरात आले. म्हणाले, "माझ्या दोस्ताचं पुस्तक मी अर्धं ऱ्हाऊ देणार न्हाई! बारावं प्रकरण हा बन्सीधर लिहिणार! नवाची गाडी बाजाराच्या दिवशी गावात शिरतच न्हाई, बाहेरून जाती, म्हंजे त्या गाडीनं आलो म्हणणारा कंपाउंडर खोटं बोलायलाय! कंपाउंडरनंच मारलं!"

मागच्या रांगेतून एक म्हातारे वाचक उठले आणि कळवळून म्हणाले, "अहो, सांगून टाकलाव की! आता पुस्तक वाचायचं कशाला?" दुसरे म्हणाले, "मी तर कारकुनाच्या मेव्हण्यावर होतो." तिसरे म्हणाले, मेव्हणा शक्यच नाही, त्याचा पाय मोडलेला आहे. (अकरा प्रकरणं भाऊजींनी हॉटेलात किती जणांना वाचून दाखवली, ते इथं उघडं पडलं.) नागेश सर दोघांना आवरत होते, आणि पोहेवाले तेवढ्यात पोहे घेऊन मोकळे झाले. भाऊजींच्या लक्षात आलं तसे ते खाली बसले आणि रुमालात तोंड घालून लहान लेकरासारखे रडले. "वहिनी, माझ्या हातून हे काय झालं," म्हणाले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्या रडण्यात खोटं काही नव्हतं.

तर एकंदर कार्यक्रम चांगला झाला. बारावं प्रकरण भाऊजींनीच लिहावं. सगळ्यांसमोर जाहीर झालेलं आहे, ह्यांचा त्यांच्यावर जीव होता आणि माझी काही हरकत नाही. तब्येतीला जपा. जिना टाळा.

तुमची,
उमादेवी

ता.क. माझी हरकत आहे. वर लिहिलं ते पाठीवरून हात फिरवण्यातलंच होतं. ताई, बारावं प्रकरण मी लिहून ठेवलेलं आहे. ह्यांच्या तेराव्यानंतर सुरू केलं, गौरी-गणपतीत संपलं. सकाळी भाकऱ्या झाल्या की बसायची. कुणाला सांगितलं नाही. ह्यांनी अकरा प्रकरणं माझ्या हातून लिहवली, मग बाराव्याला हात का बदलायचा, एवढंच माझं म्हणणं. तुम्ही भाऊजींना तेवढं समजावून सांगा. तुमचं ते ऐकतात, माझ्यासमोर नुसते रडतात. ह्या पत्राचं खरं काम हे होतं.

ता.क. आणखी एक. माझ्याही बाराव्या प्रकरणात खुनी कंपाउंडरच होता. आणि भाऊजींनी तो ओळखला. हे हयात असते तर ह्यांनी स्वतःची पानं फाडली असती. मग मी लिहिते म्हणून मला सूट कशी मिळेल? तुमचं कार्ड अजून आलेलं नाही. कंपाउंडर लिहिलं असेल तर टाकू नका, ते नाव बाद झालं आहे. थोडं थांबा.

ता.क. हे पत्र दोन दिवस घरातच राहिलं, म्हणून पुढचंही लिहिते. तुम्ही आता भाऊजींना काही सांगू नका. दुसऱ्या दिवशी मी सकाळी सातच्या एसटीनं निघाले, परभणीत गाडी बदलली आणि देवगाव फाट्याला उतरून भाऊजींना म्हटलं, की बारावं प्रकरण मी लिहिणार. त्यांनी चहा स्वतः केला. मग म्हणाले, "बरं झालं, वहिनी. मला दोन रात्री झोप न्हाई." आणि मग हळूच, इकडं तिकडं बघून, "खुनी कोण करायलाव?" मी सांगितलं नाही. बाराच्या गाडीनं घरी आले आणि लिहायला बसले.