सहा सैल ओळी

३ सप्टेंबर, मंगळवार

सुया आत नेऊ दिल्या नाहीत! गेटवरच्या बाईने पिशवी उघडली, दोन्ही सुया वर धरल्या आणि सगळ्यांदेखत विचारलं, "हे कशासाठी?" म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत विणते. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी सुरा घेऊन आले होते. कारखान्यात धातूची टोकदार वस्तू चालत नाही म्हणे. कापडाला लागते.

म्हणजे जेवणाची सुट्टी गेली. उरलं काय? सकाळी चहाच्या आधी वीस मिनिटं आणि संध्याकाळी आल्यावर तास-दीड तास. भरतकामाची चौकट ट्रंकेच्या तळाशी गेली. क्रोशाचा टेबलक्लॉथ तर घरीच राहिला. एकच काम धरायचं — शाल. दादाचं बाळ नोव्हेंबरच्या मध्याला येणार. आमच्या घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाला आईने विणलेल्या शालीत गुंडाळलंय — मला, दादाला, मावशीच्या तिघांना. या वेळी आईने लोकर माझ्या पुढ्यात ठेवली. "डोळे शिणतात. तू कर." बस, एवढंच.

नव्वद टाके, सगळी सुलट वीण. आज चार ओळी झाल्या.

५ सप्टेंबर, गुरुवार

काम असं — काचेच्या टेबलाखाली दिवे, वरून कापड सरकत राहतं, आपण उभं राहून चुका शोधायच्या. तुटका धागा, गाठ, डाग, सैल पट्टा. सापडली की खडूची खूण. साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "कापड बरं दिसलं की समजायचं, आपलं लक्ष नाही." मला हे आवडलं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणे, "तुला कुणी शिकवायला हवं होतं का ते?"

तिला अजून राग आहे. घर सोडून चार तासांवर नोकरी कशाला, हा एकच प्रश्न.

खोलीत दोघी आहोत. दुसरी नर्स आहे, तिला सगळे सिस्टरच म्हणतात. तिची रात्रपाळी. मी निघते तेव्हा ती येते, मी येते तेव्हा ती केस विंचरत असते. दिवसभर खोली तिची. साळसूद वाटते. बघू.

९ सप्टेंबर, सोमवार

काल घरून आले ती मेल्यासारखी झोपले. शनिवारी अर्धा दिवस काम, मग बस, रविवारी दुपारी आईने जबरदस्तीने झोपवलं — "किती रोडावलीस!" — आणि परत बस. बसमध्ये विणायला घेतलं तर मळमळतं. शाल नेली होती ती फक्त आईला दाखवायला. छान म्हणाली नाही. वाईटही म्हणाली नाही.

आज संध्याकाळी शाल काढली तर वरच्या सहाएक ओळी सैल! कडेला फुगल्यासारखी. मी अशी विणते? माझा हात मध्यम आहे. आईचा हात म्हणजे फळी, तिच्या विणीतून करंगळी जायची नाही. मी तिच्यासारखी कधीच झाले नाही, पण इतकी ढिलीही नाही.

शुक्रवारी दमले होते, तेव्हाच हात सुटला असेल. उसवलं. परत विणलं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आजपासून ओळी मोजून इथे लिहिणार. उगीच नाही — कामाची सवय. आज चौसष्ट.

१८ सप्टेंबर, बुधवार

सिस्टरने विचारलं, "काय गं, कुणासाठी?" सांगितलं. तिने शाल हातात घेतली, गालाला लावली. बाळंतिणींच्या वॉर्डात असते म्हणे, रोज नवी बाळं बघते. "एवढी मऊ कुणाकडेच नसते." माझ्या हातातली वस्तू न विचारता घेतलेली मला आवडत नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

अठ्ठ्याण्णव ओळी. उद्या घरी.

२२ सप्टेंबर, रविवार

आईने शाल मांडीवर पसरली, कडेवरून बोट फिरवत राहिली. काहीतरी शोधत होती — चूकच, दुसरं काय! मग म्हणाली, "काही उसवलंस का?"

डोळे शिणतात म्हणणाऱ्या बाईला हे बरं दिसलं! म्हटलं, "हो, मध्ये हात वेडावाकडा पडला होता. बघवेना."

"हं," म्हणाली आणि दूध तापवायला उठली. दूध मघाशीच तापलं होतं.

२३ सप्टेंबर, सोमवार

एकशे चार!!

मी अठ्ठ्याण्णव लिहून ठेवलेत. तीनदा मोजलं. वरच्या सहा ओळी सैल, एक टाका सुटून पुन्हा धरलेला. माझ्या शालीत दुसऱ्या कुणाचा तरी हात आहे.

आता सरळ हिशेब. आज दिवसभर मी काचेच्या टेबलापाशी उभी होते. पिशवी पलंगाखाली. खोलीत कोण? सिस्टर. झोपलेली — म्हणजे तिच्या म्हणण्याप्रमाणे! कुठेतरी पाणी मुरतंय.

पण कशासाठी? चेष्टा? की हात बसवून घेतेय फुकटात? सगळं उसवलं. इतक्या रागाने की लोकर दोनदा गुंतली. आजची अख्खी संध्याकाळ उसवण्यात आणि गुंता सोडवण्यात गेली. सकाळची वीस मिनिटं म्हणजे काय ते तिला कळायचं नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

सिस्टरने माझ्यासाठी चहा झाकून ठेवला होता. का? आजवर नव्हता ठेवला.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आठवडाभर पाळत ठेवली. पिशवीच्या बंदांना गाठ मारून तिच्यात एक लाल धागा अडकवून जात होते. रोज जागच्या जागी. सावध झाली असणार. माझी नजर ओळखली तिने.

साहेब आज खूश. "तुमच्या नजरेतून काही सुटत नाही." कापडाच्या एका ताग्यात अकरा चुका काढल्या. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "अगं, थोडं सोडावं माणसाने." का सोडावं?

७ ऑक्टोबर, सोमवार

परत! काल घरून आले, आज संध्याकाळी पाहते तर चार ओळी जास्त. लाल धागा या वेळी लावायचा राहिला — सकाळी उशीर झाला होता — आणि नेमका तोच दिवस तिने साधला.

आणि बरं का, या वेळच्या ओळी जरा सुधारलेल्या आहेत. टाके मोठेच, पण सारखे. शिकतेय बाईसाहेब, आमच्या बाळाच्या शालीवर!

उसवलं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

आज तोंडावर विचारलं. ती युनिफॉर्मची बटणं लावत होती. म्हटलं, "माझ्या विणकामाला हात कशाला लावतेस?"

आधी हसली. वाटलं, मी थट्टा करतेय. मग माझा चेहरा पाहिला.

"सुई कुठून धरतात तेसुद्धा मला ठाऊक नाही गं."

म्हटलं, गालाला लावायला कसं ठाऊक होतं? हे बोलायला नको होतं बहुतेक. पण बोलले. आणि पुढेही बोलले — की दुसऱ्याच्या घरच्या बाळासाठी केलेल्या वस्तूत ढवळाढवळ करायला लाज वाटली पाहिजे. तिने वरचं बटण खालच्या काजात घातलं, तसंच घालून निघून गेली. दरवाजा आपटला नाही. आपटला असता तर मला बरं वाटलं असतं.

१२ ऑक्टोबर, शनिवार

सिस्टर गेली. हॉस्पिटलच्या वसतिगृहात जागा मिळाली म्हणे. जाताना मला काही बोलली नाही, खाली राहणाऱ्या आमच्या मालकीणबाईंच्या मात्र गळ्यात पडली. मी पुस्तक उघडून बसले होते. पान उलटलं नाही.

असो. जे झालं ते झालं. आता पूर्ण खोली माझी. कपाटाला कुलूप आणलं. किल्ली गळ्यातल्या साखळीत.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आठ दिवस झाले, एक टाका इकडचा तिकडे नाही! म्हणजे मी म्हणत होते तेच खरं. शाल भराभर पुढे सरकतेय. आज एकशे बासष्ट. दीडशेच्या पुढे गेलं की शाल शालीसारखी दिसायला लागते.

खोली फार शांत आहे. कंगव्याचा आवाज नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

घरी. वहिनीचं पोट खाली उतरलंय, दादा बॅग भरून दाराशी ठेवून बसलाय, अजून तीन-चार आठवडे आहेत तरी! आईने आज नोकरीचा विषय काढला नाही. नवलच. उलट दुपारी स्वतः अंथरूण घालून दिलं. "झोप, मी उठवीन." माझी पिशवी उचलून कोपऱ्यात नीट ठेवली. नक्की काय चाललंय तिच्या मनात? मला परत बोलावण्याची ही नवी तऱ्हा असणार. गोड बोलून.

२१ ऑक्टोबर, सोमवार

कुलूप जागेवर. किल्ली गळ्यात. आणि शालीत पाच ओळी जास्त.

पलंगावर बसून पुन्हा मोजल्या. पाचच.

सिस्टर तर इथे नाही. तिच्याकडे कपाटाची दुसरी किल्ली — छे, कुलूप तर ती गेल्यावर आणलं. मग मालकीणबाई? दुकानदार त्यांच्या ओळखीचा. एक किल्ली ठेवून घेतली असेल.

घरी कुणी हात लावेल म्हणावं तर कोण? दादाला दोरीची गाठ येत नाही. वहिनीने कधी सुई धरली नाही. आईने सुया टाकून दोन वर्षं झाली, आणि आईचा हात तर मी डोळे मिटून ओळखेन. फळी. ही वीण तर अशी की कुणीतरी थंडीत कुडकुडत विणलीय.

उसवलं. या वेळी सावकाश. एका टाक्यात लोकर दोनदा गेली होती, एकदा चुकून मध्येच टोचून धागा चिरला होता. चुका करणारीने चुका लपवायचा बराच प्रयत्न केलेला दिसला. काचेच्या टेबलावर असं कापड आलं असतं तर मी नुसती खडूची खूण करून पुढे गेले असते.

२३ ऑक्टोबर, बुधवार

मालकीणबाईंना आडून आडून विचारलं. कुलूप, किल्ल्या, दुपारी कोण येतं-जातं. त्या सरळ बोलणाऱ्या.

"माझ्या गुडघ्यांचं मला पुरे झालंय, तुझी लोकर कुठे घेऊन बसू? आणि विणता कुणाला येतं या घरात तुझ्याशिवाय? ती बिचारी पोरगी रडत गेली, ठाऊक आहे का तुला? तिला साधी उशीची शिवण घालता यायची नाही, मी घालून दिली."

जिना चढून वर आले. सिस्टरला येत नव्हतं. खरंच येत नव्हतं. आणि मी तिला काय काय बोलले! मग कोण आहे? माझंच डोकं फिरलंय का? मीच विणते आणि विसरते? कामावर आज एक डाग सुटला माझ्या नजरेतून. पहिल्यांदाच.

२६ ऑक्टोबर, शनिवार

अर्धा दिवस होता. हॉस्पिटलच्या वसतिगृहापर्यंत गेले. फाटकापाशी उभी राहिले. काय सांगणार होते — की तू नव्हतीस, पण कोण होतं ते ठाऊक नाही? ती बाहेर आली, दोन मैत्रिणींबरोबर. मला पाहिलं. थांबली नाही, पण मानही फिरवली नाही. मी हाक मारायला हवी होती.

३० ऑक्टोबर, बुधवार

दोनशे चार. कड तेवढी राहिली. आईचा फोन — "या रविवारी येतेस ना? शाल आणशील ना?" दोनदा विचारलं. म्हटलं, "आणते गं, एवढं काय?" म्हणाली, "काही नाही. संपायच्या आत एकदा बघायची होती."

३ नोव्हेंबर, रविवार

दुपारी लवकर जाग आली. पुढच्या खोलीत आई खिडकीशी बसली होती, मांडीवर शाल. बोटं थरथरत होती. एकेका टाक्यासाठी सुई दोनदा-तीनदा पुढे न्यायची, चुकायची, परत न्यायची. मी दारातच उभी राहिले. तिने वर पाहिलं नाही.

"या वेळी तरी उसवू नकोस गं. आज जरा बरा पडलाय हात."