दादाच्या फाइलीतला शेरा

बुवापाडा, अंबरनाथ
रविवार, ११ मार्च २००७

आदरणीय शंकरमामा,

आधी दुरुस्ती करते आणि मग ख्यालीखुशाली विचारते, यासाठी माफ करा. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की त्या बेटावरून बोटीवर परतायला आम्हाला उशीर झाला, कारण राजरत्नदादाने वेळ चुकीची सांगितली. हे खरं नाही. दादाने वेळ बरोबर सांगितली होती, कागदावर लिहून दिली होती, आणि तो कागद दिवसभर माझ्या पर्समध्ये होता. (अजूनही आहे. त्यावर ‘साडेतीन म्हणजे साडेतीन’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत.) शाळेत जायच्या आधी तुम्हीच मला आमच्या ओट्यावर खडूने अक्षरं शिकवलीत आणि सांगितलंत, की चुकलेलं बोटाने पुसायचं नाही, खालच्या ओळीत बरोबर लिहायचं. म्हणून ही खालची ओळ.

आता तुम्हाला आणि मामींना जय भीम. गुडघ्याला नव्या तेलाने उतार पडला असेल अशी आशा आहे. पडला नसला तरी आईला तसं सांगू नका, तेल तिने सुचवलेलं आहे. इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. (हे सवयीने लिहिलं. दोघी बऱ्या आहोत, दादा बरा असल्यासारखा वागतो.) हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण आमचा फोन दादाच्या पलंगाशी आहे आणि दादा सध्या पलंगावरच असतो.

तुम्हाला ठाऊकच आहे, दादा त्या मोठ्या बोटीवर लाँड्रीत कामाला, आणि तिथल्या माणसांना एकदा घरच्यांना सवलतीत फिरवून आणता येतं. त्याने जानेवारीत आई आणि मला नेलं. कॅरिबियन समुद्रात बोट रोज एका नव्या बेटाला लागायची, लोक उतरायचे, आणि दादा खाली दोन हजार माणसांच्या चादरी धूत राहायचा. त्यामुळे त्या दिवशी आम्ही दोघीच उतरलो. आईने जांभळी साडी आणि उल्हासनगरला घेतलेले पांढरे बूट घातले होते. टॅक्सीवाले हाका मारत होते, पण आई म्हणाली, “पाय दिलेत ते कशाला?” आणि बदलापूरला तुमच्याकडे निघाल्यासारखी सरळ चालू लागली.

अर्ध्या तासावर रस्त्याकडेला पत्र्याचं एक घर होतं, दारात बदामाचं झाड, आणि चुलीवर नारळाच्या दुधातला भात. आई वासावरच थांबली. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, “बघू तरी दे, राजमा घातलाय का काय ते.” आणि तिने परक्या बाईच्या पातेल्यावरचं झाकण उचललं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ती बाई (नाव मिस पर्ल, आईच्याच वयाची, अंगाने आईच्या दुप्पट) खो खो हसली आणि तिने निळ्या कडेच्या एका पांढऱ्या भांड्यात भात आणि तळलेला मासा काढून दिला. आम्ही झाडाखाली बसून जेवलो. खरं सांगते मामा, बोटीवरच्या सगळ्या जेवणात तसा घास मिळाला नव्हता.

मी भांडं घासून परत द्यायला निघाले. इथून चूक सुरू झाली, आणि ती माझी आहे, कारण तेव्हा दीड वाजला होता आणि मी घड्याळ पाहिलं होतं. आईने माझा दंड धरला. “रिकामं देतेस? लोकाचं भांडं रिकामं परत करतात का ग?” मी म्हटलं, इथे कोणाला काय कळणार आहे. ती म्हणाली, “मला कळतंय ना.” निदान मूठभर साखर तरी हवी. मामा, ज्या बेटावर चारी बाजूंनी ऊस उभा आहे तिथे साखर मिळायला आम्हाला पाऊण तास लागला. पहिलं दुकान बंद. दुसऱ्यात टोप्या आणि शंख. तिसऱ्यात साखर मिळाली, पण ते दुकान डोंगरावर होतं.

साखरेचं भांडं बघून मिस पर्लला काही समजेना. मग समजलं असावं, कारण तिने साखर ओतून घेतली, आत गेली आणि तेच भांडं खोबऱ्याच्या वड्यांनी भरून आणलं. (गुलाबी रंगाच्या. आईचं मत, पाक थोडा पुढे गेला होता.) झालं. पुन्हा भरलेलं भांडं आमच्याकडे. वड्या मी पर्समध्ये ओतल्या, त्या कागदावरच, आणि आईने पिशवीतला अंबरनाथहून आणलेला चिवडा भांड्यात भरला. मिस पर्लने चिवडा चाखला, शेजारणीला हाक मारली, दोघींनी चाखला, आणि भांडं पुन्हा आत जाऊन भरून बाहेर आलं. आई मराठीत बोलत होती, ती तिच्या भाषेत, आणि दोघी एकमेकींना टाळ्या देत होत्या. मी मध्ये उभी राहून “आई, चल” एवढंच म्हणत होते. “थांब ग, आता आपल्यावर आलंय,” आई म्हणाली, आणि बोटीचा भोंगा वाजला. चार वाजायला दहा मिनिटं होती.

आम्ही धावलो ते लिहीत नाही. तुम्ही तुमच्या बहिणीला पन्नास वर्षं ओळखता, डोळ्यांसमोर आणा. चारला सुटणारी एवढी मोठी बोट आमच्यासाठी वीस मिनिटं थांबली होती आणि वरच्या सगळ्या मजल्यांवरून लोक वाकून बघत होते. दारात पांढऱ्या कपड्यांतला साहेब यादी घेऊन उभा होता आणि त्याच्याशेजारी लाँड्रीतून बोलावून आणलेला दादा, हात अजून ओले. साहेबाने विचारलं, उशीर का. मामा, भांडं रिकामं परत देत नाहीत हे इंग्रजीत कसं सांगायचं ते मला सुचेना. माझ्या तोंडून निघालं, “भावाने वेळ चुकीची सांगितली.” दादाने माझ्याकडे पाहिलं. मग साहेबाला म्हणाला, “येस सर.” आणि कागदावर सही केली.

तोच शेरा त्याच्या फाइलीत गेला. आधीचा करार संपून घरी आल्यावर त्याच्याबरोबरच्या सगळ्यांना पुढच्या कराराची पत्रं आली, दादाला अजून नाही. मुंबईतल्या एजंटच्या ऑफिसात म्हणतात, शेऱ्याचा निर्णय महिनाअखेरीस होईल, आणि विरुद्ध गेला तर ती नोकरी संपली. त्यात माझं पत्र वाचून तुम्ही त्याला फोनवर म्हणालात, “साधी वेळ सांगता येत नाही का रे तुला?” त्यावरही तो “हो मामा, चुकलंच” म्हणाला. मी शेजारी भाजी निवडत होते. त्या रात्री ठरवलं, की ऑफिसात जायचं आणि खरं ते लेखी द्यायचं. दादाला सांगितलं तर म्हणतो, “जाऊ दे ग मैतू, तुझं हसं होईल.” होऊ दे. त्याचं झालं तेव्हा मी गप्प होते.

मामींना नमस्कार. रागवायचं असेल तर मला रागवा, पण आधी दादाला फोन करा.

तुमची,
मैत्रेयी

ता. क. १ : सोबत इंग्रजी अर्ज जोडला आहे. तुम्ही नगरपालिकेत तीस वर्षं अर्ज वाचलेत, तपासून द्या. तो चार पानी झाला आहे, त्यातली अडीच पानं भांड्याबद्दल आहेत. काय गाळू ते कळत नाही, गाळलं तर कारण पटत नाही.

ता. क. २ : खरं तर पत्र यासाठीच लिहिलं. आईला कुठून तरी कळलं आहे आणि ती माझ्याबरोबर यायचं म्हणते. साहेबाला समजावून सांगणार आहे आणि रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून रव्याचे लाडू करायला घेतले आहेत. कृपा करून तिला त्या दिवशी बदलापूरला बोलावून घ्या. गुडघा दुखतो म्हणा. खोटं बोलायला मी सांगत नाही, तो दुखतोच, फक्त त्या दिवशी मोठ्याने दुखू द्या.

ता. क. ३ : मिस पर्लचं भांडं आमच्याकडेच आहे. धावताना आईच्या काखेत राहिलं. ही गोष्ट अर्जात नाही, साहेबाला चोरी वाटेल. पण तुम्हाला पुन्हा अर्धवट लिहिणार नाही, म्हणून इथे लिहिली.

ता. क. ४ : दिवस लिहायचा राहिला. एजंटचे मोठे साहेब आठवड्यातून एकदाच बसतात आणि मी वेळ घेतली आहे. आई आली, नाही आली, अर्ज तपासून मिळाला, नाही मिळाला, तरी मी जाणार : गुरुवार, १५ मार्च, सकाळी अकरा वाजता.