त्या दुकानाचा नायक कोण?

मंगळवार, संध्याकाळ

काका अजून घरी आले नाहीत. तांड्यात घरोघरी जाऊन लोकांच्या मोबाइलमधलं ते ॲप काढून राह्यले. फुटलेल्या कापसाच्या बोंडाचं चित्र असलेलं. पीकविम्याची माहिती मिळते म्हणे. उघडलं की मोबाइलमधले सगळे नंबर घेते, अन् मंग पैसे भरा म्हणून घरच्यांले धमक्यांचे फोन येतात.

काका तांड्याचे नायक, म्हणजे गावच्या पाटलासारखे. त्यांनीच ते तांड्याच्या ग्रुपवर पाठवलं, म्हणून सगळ्यांनी घेतलं. दुपारी मी म्हटलं, "काका, तुमची काय चूक? मोबाइलमधल्या ॲपच्या दुकानातच होतं ते. दुकानवाल्यांनी पाहाले नको?"

काका म्हणाले, "फेरीवाला आधी माह्या ओट्यावर कायले येते? मी हो म्हटल्यावरच तांड्यात माल विकते. माल खोटा निघाला तर लोक मलेच विचारतात ना."

तेव्हापासून हेच डोक्यात घोळून राह्यलं. त्या दुकानाचा नायक कोण? रोज इतके ॲप येत असतील, सगळे कसे तपासणार? पण मंग ओट्यावर बसायचं तरी कायले? की हे सरकारचं काम? बनवणाऱ्याले धरावं, तर तो सापडतच नाही.

आत्ता त्या दुकानात शोधलं. बोंड गायब. म्हणजे कोणीतरी पाहिलं, अन् गुपचूप काढलं. माह्या मोबाइलवर मात्र ते बोंड अजून तसंच आहे. कोणी एका शब्दानं कळवलं नाही.

काकांचा फोन आला. म्हणाले, तुम्ही जेवून घ्या, खालच्या अंगाची घरं बाकी आहेत.