खेमराजची सुट्टी

४ जानेवारी २०१२
आज पुन्हा तेच – "गोळी घेतली का, मॅडम?" आता हमालही हसतात. सुरुवात मॅनेजर ईश्वरदासची. आई गेल्यावर मला झोप येईना. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या आणि महिनाभर सुट्टी लिहून दिली. ती चिठ्ठी या माणसानं राईस मिलच्या अंगणात तीस जणांसमोर मोठ्यानं वाचली. "मनाचा आजार म्हणे! आपल्याकडे पागलही कामाला आहेत." दोन वर्षं झाली. एक शब्द विसरले नाही.

७ जानेवारी
मिलमालक सेठजींचा फोन. आपला उसना, म्हणजे उकडा, तांदूळ परदेशी नेणारी कंपनी १८ तारखेला माणसं पाठवणार. मशीन बघायला नाही – कामाचा ताण कामगारांच्या मनावर किती, ते विचारायला! सोबत डॉक्टरबाई. हजेरी-सुट्टीचं रजिस्टर माझ्याकडे, म्हणून तयारीही माझ्याकडे. ईश्वरदासचं तोंड उतरलं. आज पोटभर जेवले.

९ जानेवारी
डॉक्टरबाईंसमोर बोलणार कोण? हमाल भैय्यालालला विचारलं, तर म्हणाला, मला पोरं आहेत. बाकीच्यांनी मान फिरवली.

११ जानेवारी
खेमराज आला. बॉयलरवर असतो. त्याच्या जोडीचा माणूस दिवाळीत सोडून गेला, तेव्हापासून ईश्वरदास ह्यालाच सोळा-सोळा तास उभा करतो. सुट्टीचा अर्ज पुढे केला.
"मॅडम, मले आठ दिवस पायजेत. प्रेशरचा काटा पायतो अन् काय पायलो तेच भुलतो. घरी गेलो तरी कानात बॉयलर वाजून राहते."
मला ठाऊक आहे हे. असंच सुरू होतं. मग माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो.
आणि तेव्हाच मनात आलं – हाच! हा डॉक्टरबाईंसमोर नुसता बसला तरी ईश्वरदास संपला.
सांगितलं, अठरापर्यंत थांब, मग मीच सुट्टी काढून देते. तो हो म्हणाला. अर्ज ईश्वरदासपुढे ठेवलाच नाही. माझ्या खणात आहे.

१५ जानेवारी
संक्रांत. ईश्वरदासनं सगळ्यांना तिळगूळ वाटला. मीही घेतला. गोड बोलले. आणखी तीनच दिवस.

१६ जानेवारी
खेमराज पुन्हा टेबलापाशी. आज तरी जाऊ का, म्हणाला. डोळे लाल. दोनच दिवस, म्हटलं. तो बॉयलरकडे गेला.
सुट्टी द्यायला हवी होती का? नाही. अशी संधी पुन्हा येत नाही.

१७ जानेवारी
सकाळी अकराला. भलताच व्हॉल्व्ह उघडला त्यानं. दोन्ही हात, छाती – वाफेनं. गोंदियाला दवाखान्यात नेलं. जीव वाचेल म्हणतात.
त्याची बायको शामकला गेटवर आली होती. मी समोर गेले नाही.

१८ जानेवारी
आले ते. डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा खेमराजचंच विचारलं. त्यानं सुट्टी मागितली होती का?
मागितली होती, म्हटलं. अकरा तारखेला.
"मग अर्ज अडला कुठं?"
"साहेबांकडे."
ईश्वरदास ताडकन उठला. मला अर्ज दिसलाच नाही, शपथ घेतो, म्हणत राहिला. खरंच बोलत होता. पण सोळा तासांची हजेरी रजिस्टरात होती, दर दिवसाखाली त्याची सही. कोण ऐकणार?
संध्याकाळी सेठजींनी त्याला घरी बसवलं. तो अंगणातून जाताना हमाल त्याच्या पाठीमागे हसले. त्याच अंगणातून! हेच तर हवं होतं मला. दोन वर्षं.
चहा मागवला. प्यायलाच गेला नाही.
अर्ज फाडला.

२१ जानेवारी
दवाखान्यात गेले. हात खांद्यापर्यंत बांधलेले. शामकला पाणी आणायला बाहेर गेली, तसा खेमराज हळूच म्हणाला –
"डॉक्टरबाई इथंबी आली होती, मॅडम. अर्ज कोनापाशी होता म्हणे. तुमचं नाव मी नाई सांगलो."