सर खाटेबद्दल काय म्हणाले

सर,

मी तुमच्यावर चिडले आहे. गेलेल्या माणसाला बोल लावू नये म्हणतात, कारण तो उत्तर द्यायला येत नाही. पण तुम्ही होता तेव्हा तरी कुठे उत्तर देत होता? प्रश्न आवडला नाही की चष्मा काढून पुसत बसायचात, समोरचा कंटाळून निघून जाईपर्यंत. आज मी निघून जाणार नाही. कंपनीला सुट्टी आहे, केळव्याजवळच्या माहीमच्या घरी ओटीवर बसून लिहिते आहे. गेल्या रविवारी केळव्याच्या किनाऱ्यावर जे झालं ते तुमच्या नावावर झालं, म्हणून ते तुम्हाला ऐकावंच लागेल.

सुरुवात तुम्हीच केलीत. तुमच्या सत्काराचा दिवस मला लख्ख आठवतो. सुरूच्या बनात मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, तुमच्या गळ्यात झेंडूचा हार. मुंबईच्या कुठल्याशा क्लबाने दोन नव्याकोऱ्या शर्यतीच्या होड्या दिल्या आहेत, काळ्या कार्बनच्या, खाली सुरीसारख्या लांब पात्या असलेल्या, आणि त्या पाण्यात उतरवायचा मान तुमचा. मी पुढच्या रांगेत बसले आहे, कारण तुमच्या जुन्या होडीवर इतकी वर्षं डोलकाठीच्या तारेला लोंबकळून तोल सांभाळणारी मीच. तुम्ही माईक हातात घेता आणि म्हणता, "आपली जुनी खाट आता संपली. तिला झाडाखाली ठेवा. नव्याला वाट द्या." लोक टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या, सवयीने, आणि अर्ध्यावर माझे हात थांबले.

खाट हे नाव गावाने ठेवलेलं. दोन अरुंद फायबरच्या होड्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या नळ्या, नळ्यांवर ताणून बांधलेलं कापड आणि मधे उभी डोलकाठी. कॅटमरान म्हणायला लोकांची जीभ वळेना, मग त्यांना जे दिसलं तेच ते म्हणाले: सरांची खाट निघाली. तुम्हाला आधी राग आला होता, नंतर तुम्हीच ते नाव घ्यायला लागलात. आणि त्याच खाटेला तुम्ही चारचौघांत संपली म्हणालात. सर, त्या वर्षी तुम्हाला जिना चढवत नव्हता. वळण घेताना या बाजूवरून त्या बाजूला सरकायचं तर तुम्ही दात आवळून धरायचात, मी शेजारीच असायची, मला दिसायचं. संपले होते ते तुमचे गुडघे. होडीला काही धाड भरली नव्हती. "माझ्याच्याने आता होत नाही" एवढं म्हणायला तुमची जीभ रेटेना, म्हणून तुम्ही होडीच संपवलीत.

तुमचा शब्द म्हणजे आपल्याकडे काळ्या दगडावरची रेघ. बघता बघता सगळ्या खाटा किनाऱ्यावरून उचलल्या गेल्या. एकाने दोन्ही बाजू सुट्या करून आत माती भरली आणि अळू लावला. एकाची डोलकाठी सुपारी वाळवायच्या मांडवाला लागली. केळव्याच्या एका रिसॉर्टवाल्याने आपली खाट गुलाबी रंगवून फाटकाशी ठेवली, शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी तिच्यावर बसून फोटो काढतात. मी त्याला म्हटलं, अहो, ही शर्यत जिंकलेली होडी आहे. तो म्हणाला, म्हणून तर फाटकाशी ठेवली.

आणि तुमच्या त्या नव्या होड्या? केळव्याचं पाणी ओहोटीला किती लांब जातं हे तुम्हाला मी सांगायचं का? खालच्या पात्या वाळूत रुतल्या. एक मोडली, तिचा सुटा भाग परदेशातून येणार होता तो अजून येतोच आहे. दुसरीला हात लावायला कोणी धजेना. दोन्ही ताडपत्रीखाली आहेत. आपल्या खाटेला खाली काहीच नाही, ती पोट घासत सरळ वाळूवर येते. फुटली तर बोईसरला टाक्या बनवणाऱ्या कुठल्याही शेडमध्ये तिचं औषध मिळतं. या किनाऱ्याला हीच होडी, हे मला शिकवलं कोणी? तुम्हीच ना?

एमआयडीसीतलं ते शेड अजून माझ्या नाकात आहे. ॲसिड साठवायच्या टाक्या तिथे बनायच्या, तुम्ही फोरमन, मी डिप्लोमा करून नुकती लागलेली. जेवणाच्या सुट्टीत, मालकाला सांगून, कोपऱ्यातल्या साच्यात खाटेची एक बाजू आकार घेते आहे. मी काचेच्या धाग्यांच्या मॅटवर रेझिन ओतून रोलर फिरवते आहे आणि एका जागी हवेचा फुगा राहिलाय. तो मला दिसतोय. पण पोटात कावळे कोकलताहेत, बाकीच्यांचे डबे उघडलेत, मी तसाच वरून पुढचा थर देते. जेवण झाल्यावर तुम्ही येता, नखाने टकटक करत करत बरोबर त्या जागी थांबता. म्हणालात, "आत हवा ठेवून वर रंग मारायचा नाही, पोरी. पाणी वाट शोधतंच." मग सगळा थर मला घासून काढायला लावलात. काचेच्या कुसांनी हातांना अशी खाज सुटली की रात्री जेवताना आईने भरवलं. मी ठरवलं होतं, उद्यापासून या माणसाचं तोंड बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही एक अक्षर न बोलता माझ्या टेबलावर एक पट्टा ठेवलात, तारेला अडकवून होडीबाहेर झुकताना कमरेला बांधायचा. ट्रकच्या सीटबेल्टचा, तुमच्या घरी काकूंनी शिवलेला, आणि माझ्या मापाचा. ते माप तुम्ही कधी घेतलंत ते मला आजवर कळलेलं नाही. त्या रविवारी मी पहिल्यांदा तुमच्याबरोबर समुद्रात गेले.

तुम्ही गेल्यावर मी खाटेचा प्रचार करायला निघाले. हसा खुशाल. पालघरच्या कॉलेजात गेले, बोईसरच्या कॉलन्यांमधून फिरले, शिरगावच्या शाळेत जाऊन बोलले, मोबाइलवर व्हिडिओ टाकले. तुमचीच वाक्यं वापरली: सगळ्या होड्या एकाच मापाच्या, एकाच वजनाच्या, म्हणजे जिंकतो तो माणूस, त्याच्या बापाचा खिसा नाही. मुलं आली, मुली तर जास्तच आल्या. शेडमधल्या बिहारी कारागिराने फुटलेली बाजू उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, ये तो टंकी से आसान है," आणि सुट्टीच्या दिवशी येऊन जोडून दिली. अडत होतं ते फक्त होड्यांच्या मालकांपाशी. ते पाणी द्यायचे, शहाळं द्यायचे, माझं सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, पण सरच बोलले होते ना. मेलेल्या माणसाशी कसं भांडायचं ते मला कोणी शिकवलेलं नव्हतं.

यंदा शर्यतीच्या समितीने स्पष्ट सांगितलं. खाटांची वेगळी शर्यत हवी असेल तर निदान पाच खाटा पाण्यात दिसल्या पाहिजेत. नाहीतर मुंबईहून येणाऱ्या नव्या होड्यांबरोबर एकत्र पळायचं. एकत्र म्हणजे शेवटी येणार, लोक दात काढणार, आणि ज्या पोरांनी सुट्ट्यांमध्ये ऊन खाऊन सराव केला ती पुढच्या वर्षी किनाऱ्यावर फिरकणार नाहीत. मग खाट खरोखरच संपली असती. माझ्याकडे होत्या तीन. दोन धडधाकट खाटा शिरगावच्या भाऊंच्या वाडीत, आंब्याखाली पालथ्या. भाऊ म्हणजे तुमचे सगळ्यात पहिले विद्यार्थी, आणि समितीचे अध्यक्षही तेच. बैठक त्यांच्याच अंगणात भरली. मी ओहोटीचं सांगितलं, पात्यांचं सांगितलं, पोरांचं सांगितलं. भाऊंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "सर बोलले, झाडाखाली ठेवा. आमी ठेवली. आता तू सरांपेक्षा मोठी हाय का?"

डोक्यात तिडीक गेली, सर. इतकी वर्षं चपला झिजवल्या त्या कशासाठी? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शेवटच्या आठवड्यात सर मला दवाखान्यात म्हणाले, मी चुकलो. खाटा परत पाण्यात उतरवा."

भाऊंनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, डोळ्यांना उपरणं लावलं. मग म्हणाले, "मग हे आदी नाय का सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दोन्ही खाटा टेम्पोत चढल्या. बातमी वाऱ्यासारखी पसरली. अळूवाल्याने अळू उपटला, रिसॉर्टवाल्याने गुलाबी रंग घासायला स्वतःचा माणूस लावला. माझ्या पायपिटीने जे झालं नाही ते तुमच्या नावाने मारलेल्या एका थापेने झालं, याचा आनंद मानू की कपाळ बडवून घेऊ? मी खरं बोलत होते तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही.

खरं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. मी विचारलं होतं. खाटेजवळ, म्हणजे तुमच्या त्या दवाखान्यातल्या खाटेजवळ बसून अगदी हळू विचारलं होतं: सर, होड्यांबद्दल लोकांना काही सांगू का? तुम्ही भिंतीकडे बघत म्हणालात, "तू अजून त्यातच अडकलीयेस?" आणि चष्मा पुसायला फडकं मागितलंत. मी फडकं दिलं. त्यानंतर आपण बोललो ते फक्त मोसंबीच्या रसाबद्दल.

गेल्या रविवारी सात खाटा पाण्यात उतरल्या. तुम्ही पाहायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही, तुमची ती लायकी नव्हती. दुपारी पश्चिमेचा वारा भरला, सातही शिडं एकदम फुगली, किनाऱ्यावरच्या बायका पदर खोचून पाण्यात शिरल्या, आपापल्या पोरांना नावाने हाका मारत. माहीमच्या दोन मुली पहिल्या आल्या. शेवटच्या वळणाला त्यांची एक बाजू पाण्याबाहेर उचलली गेली होती. आणि किनाऱ्यावर मोठा फलक काय लावलेला, तर "सरांच्या अखेरच्या इच्छेनुसार". खाली तुमचा फोटो, हार, उदबत्ती. चषकालाही तुमचंच नाव. मला मंचावर बोलावून ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, मी म्हटलं, टाळ्या पडल्या. ज्याने खाट बुडवली तो तारणहार झाला, आणि पूजा मीच मांडून दिली.

पण या सगळ्याने मी चिडून पत्र लिहायला बसले नसते. लोक पांगल्यावर काकू माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, खरंच असं म्हणाले का ते? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मी तर रात्रंदिवस तिथेच होते. मी म्हटलं, तुम्ही खाली औषधं आणायला गेला होतात तेव्हा. त्यांनी मान हलवली. ओहोटी लागली होती, पोरं होड्या वर ओढत होती, काकूंनी त्यांच्याकडे तोंड वळवलं.

"मी चुकलो," त्या म्हणाल्या. "मला नाही कधी म्हणाले. सगळ्या संसारात एकदा नाही. तुला म्हणाले."

मला तुमचा एवढा राग कधीच आला नव्हता. दोन शब्द होते, सर. बिनपैशाचे. त्यांना दिले असते, मला दिले असते, नाहीतर त्या मांडवात माईकवर सगळ्यांना वाटून दिले असते, तुमचं काय जात होतं? तुम्ही ते गिळून गेलात, मी ते तुमच्या तोंडात कोंबले, आणि लागले ते त्या बाईला.

हे पत्र मी पाठवणार कुठे? कोणाच्या हाती लागलं तर सातही खाटा पुन्हा झाडाखाली जातील, आणि काकूंचं काय होईल ते मला बघवणार नाही. लिहून झालं की चुलीत घालीन. काकूंचा आज सकाळी फोन आला होता. म्हणाल्या, परत एकदा सांग ना, नेमके कसे म्हणाले. मी सांगितलं. या वेळी आधी तुमचा तो कोरडा खोकला घातला, आणि पुढे हेही जोडलं की तुम्ही म्हणालात, तिलाही सांग, तिच्या बाबतीतही चुकलो. त्या रडल्या. आणि सर, खरं सांगते, सांगताना मला ते तुमच्याच आवाजात ऐकू आलं, आणि मलाही बरं वाटलं.