कापलेली बाजू

१४ मार्च, दुपार

चि. धाकटीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी बरं. तुझ्या वहिनीला खोकला आहे, बोलणं मात्र थांबलेलं नाही. दुकान आवरायला काढलंय. कॅसेटची डिस्क करून घ्यायला आता कोण येतं?

माझ्या थोरल्याच्या लग्नाची डिस्क सोबत पाठवतोय. नव्या रुंद टीव्हीवर कडेला तरी छकुली दिसेल, असं लिहिलंस. लावण्याआधी हे वाच.

तेव्हा घरोघरी टीव्ही चौकोनी आणि चित्रण रुंद. अख्खं चित्र दाखवलं की वर-खाली काळे पट्टे यायचे. गिऱ्हाईक भांडायचं, "अहो, अर्धा टीव्ही काळाच! बिघडलाय का माल तुमचा?" मग मी बाजू कापून पडदा भरून द्यायला शिकलो. कुणी शिकवलं नाही, माझं मीच. दर दृश्याला ठरवायचं, डावीकडचं ठेवायचं की उजवीकडचं.

जेवणाच्या हॉलमध्ये उजवीकडे व्याही हात पुसत उभे आहेत. डावीकडे तुझी छकुली खुर्चीवर चढून नाचत होती. मला दिसली होती गं. हसलोही होतो. तरी व्याह्यांना ठेवलं. डिस्क त्यांच्या घरी जायची होती, रुसले असते.

तेव्हा डिस्क बघून तू म्हणालीस, "दादा, त्या कॅमेरावाल्याने माझ्या पोरीला एकदाही घेतलं नाही रे." मी मान डोलावली. वर त्या बिचाऱ्याला चार शिव्याही घातल्या. वाटलं, पोर कुठे जातेय, पुढच्या लग्नात घेऊ. दोन महिन्यांत तिचा ताप डोक्यात गेला आणि पोर गेलीच. मग माझं तोंडच उघडेना. पंधरा वर्षं.

मूळ कॅसेटही उरली नाही. डिस्क झाली की कॅसेट पुसून पुन्हा वापरायचो. तिच्यावर कुठल्याशा शाळेचं संमेलन चढलं.

डिस्कवर तिचा हात येतो. कोपरापर्यंत. एकदा आत, एकदा बाहेर. तीन तास एकाच डिस्कवर कोंबले मी, म्हणून हललेल्या गोष्टींचे ठोकळे होतात. थांबवून बघू नकोस, बोटंही कळत नाहीत. चालतीच ठेव. चालताना हात वाटतो.

शिव्या द्यायच्या तर येऊन तोंडावर दे. वहिनीलाही आज सांगणार आहे. फक्त गप्प बसू नकोस.

अजून म्हणवत असेल तर,
तुझा दादा