कवितेची चाल

बुधवार, संध्याकाळ. फणसवाडी

डोळे अधू झाल्यापासून कॉम्प्युटरवर कविता वाचता येत नाहीत. आज नात सईने दोन ब्राउझर दाखवले. एकात अक्षरं मोठ्ठी होतात, दुसरा वाचून दाखवतो. "आजोबा, कॉम्प्युटर म्हातारा झालाय, एकच ठेवूया." मी अर्थात वाचणारा निवडला. चौथीतली कविता लावली. ब्राउझरमधली बाई वाचू लागली. शब्द सगळे बरोबर, पण चाल? चालीशिवाय शाळेतली कविता म्हणजे काय?

लसूण सोलता सोलता मालती म्हणाली, "अहो, ही कविता म्हणतेय की बँकेत नंबर पुकारतेय?" आणि पुढचं कडवं स्वतःच म्हटलं, तिच्या परळच्या शाळेतल्या चालीत. आमची गिरगावची चाल निराळी, आणि बरोबर. लग्नापासून हेच भांडण. तरी ऐकत राहिलो. मध्येच ती अडली. पुढची ओळ बघायला कॉम्प्युटरच्या पडद्याशी आली, तर तिचा चष्मा सापडेना.

"सई, मोठ्या अक्षरांचाच ठेव गं."

"पण तुम्हाला तेही दिसत नाही ना?"

"आजीला दिसलं की झालं."

मग मालतीने सगळी कविता म्हटली. चुकीच्याच चालीत. मी एकदाही टोकलं नाही.